जळके ऑइल आणि शिळी भाकरी

काही शब्द जन्मतःच सोवळे नेसून येतात. 'काटकसर' हा त्यांपैकी एक. उधळपट्टीला दोष देता येतो, कंजूषपणाची थट्टा करता येते. पण काटकसरीला बोल लावायचा म्हटले की जीभ अडखळते. आपण सारे तिच्याच हाताखाली वाढलेलो असतो. आईचे लुगडे विरले की त्याची गोधडी होते, गोधडी फाटली की तिचे पोतेरे होते आणि पोतेऱ्याच्या चिंध्या अखेर चुलीत जातात. वस्तूचा शेवटचा धागा कामी आल्याखेरीज तिला निरोप द्यायचा नाही, हा आपला घरधर्म. त्याविषयी शंका घेण्याचे धाडस मी एरवी केले नसते. पण एका काळ्या, चिकट पदार्थाने मला त्या शंकेपाशी आणून सोडले आहे. त्या पदार्थाचे गॅरेजमधले नाव 'जळके ऑइल'.

मालमोटारीच्या इंजिनात वंगण म्हणून घातलेले तेल काही हजार किलोमीटरांनंतर काळे पडते आणि बदलावे लागते. मोठ्या गाडीतून एका खेपेस पंधरा-वीस लिटर तरी निघते. ते कोणी वाळवी लागू नये म्हणून लाकडी वाशांना फासतो, कोणी बांधकामावर सेंट्रिंगच्या फळ्यांना लावतो. काही गाडीवाले मात्र ते पिंपात निवळत ठेवतात. गाळ आणि पाणी तळाशी बसले की वरचे तेल कापडातून गाळून घेतात, डिझेलमध्ये मिसळतात आणि गाडीच्या टाकीत ओततात. गाडी चालते. तेवढे डिझेल वाचते.

गाडी चालते यात नवल नाही. डिझेल इंजिनात ठिणगी पाडावी लागत नाही. आतली हवा पंधरा-वीस पट दाबली जाते, त्या दाबाने ती इतकी तापते की इंधनाचा फवारा तिच्यात शिरताच पेट घेतो. त्यामुळे हे यंत्र खाण्यापिण्यात फारसे चोखंदळ नाही. 1900 साली पॅरिसच्या प्रदर्शनात एक डिझेल इंजिन भुईमुगाच्या तेलावर चालवून दाखवले होते. अमेरिकी सैन्याने 1960 च्या दशकात आपल्या अडीच टनी ट्रकांना अशी इंजिने बसवली, की जी डिझेल, रॉकेल, विमानाचे इंधन, जे मिळेल ते पचवीत. पुढे ते ट्रक लिलावात निघाले आणि हौशी लोकांनी ते घेऊन त्यांत वापरलेले इंजिन ऑइल जाळायला सुरुवात केली. तिकडच्या एका नामांकित इंजिन कारखान्याने तर जुने तेल थोडे थोडे इंधनात सोडणारी आणि त्या जागी नवे भरणारी यंत्रणाच विकायला काढली होती. तेव्हा या उद्योगाला अडाणीपणा म्हणून हसण्यात अर्थ नाही.

आमच्या गावी हमरस्त्याला तीन जुन्या मालमोटारी बाळगणारे एक गृहस्थ आहेत. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता, म्हणून ते मला गुरुजी म्हणतात. या विषयावर आमचे एकदा बोलणे झाले. ते म्हणाले, "गुरुजी, हे ऑइल मी गटारात ओतू का? विहिरीत उतरेल ते. जमिनीत जिरवू? तिथं पीक येणार नाही. तुमच्या घरी लुगड्याची गोधडी झाली की ते पुण्य, आणि मी ऑइलचं डिझेल केलं की पाप, हा कुठला न्याय?"

प्रश्न बिनतोड वाटावा असा होता. मी प्रथम गाडीच्या हिताची बाजू मांडली. असल्या तेलाने इंजिनाचे फवारे तुंबतात, खर्च वाढतो, असे सांगितले. ते हसले. "इंजिन माझं आहे," म्हणाले. आणि खरोखरच, ज्याचे इंजिन त्याचे नुकसान, इतकेच असते तर यात नीतीचा प्रश्नच उद्भवत नव्हता. तो हिशेबाचा प्रश्न होता आणि हिशेबात ते माझ्याहून पक्के आहेत.

नीतीचा प्रश्न इंजिनाबाहेर सुरू होतो, धुराड्याच्या तोंडाशी. वंगणात जस्ताची, कॅल्शियमची, फॉस्फरसची संयुगे मुद्दाम घातलेली असतात, इंजिन झिजू नये म्हणून. वापरात त्यात धातूंची झीज मिसळते, काजळी मिसळते. फडक्याने गाळले की डोळ्यांना दिसणारी घाण निघते. विरघळलेली तशीच राहते. ती जळून नाहीशीही होत नाही. तिची राख होते आणि राखेचे सूक्ष्म कण धुराबरोबर बाहेर पडतात. नुसत्या डिझेलचा धूरच कर्करोगाला कारण होतो, असा निर्वाळा जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2012 साली दिला आहे. जळके ऑइल त्या धुरात आपली भर घालते.

इथे मला शिळी भाकरी आठवते. आपल्या घरांतून अन्न वाया जाऊ देत नाहीत, याचा आपण अभिमान बाळगतो. पण रात्रीची उरलेली भाकरी सकाळी कोणाच्या ताटात जाते, हे आपण पाहिले आहे का? घरातल्या कर्त्याच्या ताटात ती क्वचितच दिसेल. शाळेत जाणाऱ्या मुलाच्याही नाही. ती जाते सर्वांच्या मागून जेवायला बसणाऱ्या बाईच्या ताटात. काटकसर घराची, तिचे श्रेय घराचे. शिळे मात्र एकटीने खायचे. आणि तिने ते तक्रार न करता खाल्ले, म्हणून आपण त्या काटकसरीला सद्गुण म्हणत आलो.

गोधडी आणि जळके ऑइल यांतला फरक मला इथे सापडतो. लुगड्याची गोधडी झाली तेव्हा कोणाच्या वाट्याला काही शिळे आले नाही. उलट एका पोराला ऊब मिळाली. ऑइलचे डिझेल झाले तेव्हा वाचलेले पैसे एका खिशात गेले आणि शिळी भाकरी रस्त्यावर वाढली गेली. ती खाणारे कोण? चौकात शिट्टी घेऊन उभा असलेला पोलीस, घाटाच्या तोंडाशी चहा विकणारी बाई, रस्त्याच्या कडेने सायकल रेटणारी माझी मुले, आणि त्याच गाडीखाली पथारी पसरून झोपणारा क्लीनर. यांपैकी कोणालाही विचारलेले नाही. त्यांच्या ताटात काय पडले हे त्यांना दिसतही नाही.

शिवाय कोणते शिळे, हेही वाढणाऱ्याला ठाऊक नसते. गॅरेजच्या पिंपाला कूळ नसते. त्यात ब्रेकचे तेल येते, रेडिएटरचे पाणी येते, रंग पातळ करायचे द्रव येतात. चार गॅरेजांचे पिंप एकत्र झाले म्हणजे तर विचारूच नका. अमेरिकेतील मिसूरी राज्यात टाइम्स बीच नावाचे लहानसे गाव होते. रस्त्यांवरची धूळ बसावी म्हणून गावाने 1970 च्या दशकाच्या आरंभी कच्च्या रस्त्यांवर टाकाऊ तेल शिंपडून घेतले. त्या काळी ही स्वस्त आणि सोयीची रीत होती. पण त्या कंत्राटदाराने तेलात एका रसायनाच्या कारखान्याचे टाकाऊही मिसळले होते आणि त्यात डायॉक्सिन हे भयंकर विष होते. 1982 साली ते उघडकीस आले, 1983 साली सरकारने ते गाव विकत घेतले, दोन हजारांवर माणसे उठून गेली. आज तिथे गाव नाही, उद्यान आहे. गावकऱ्यांनी एवढेच केले होते, की धुळीवर स्वस्तातला उपाय शोधला होता.

मग त्या गृहस्थांच्या प्रश्नाला उत्तर काय? गटारात ओतू का, हा त्यांचा सवाल अजून शिल्लक आहेच. उत्तर तेलाच्या स्वभावातच आहे. 'जळके' हे नाव मुळात चुकीचे. वंगण झिजत नाही, ते मळते. मळलेले धुता येते. कारखान्यात त्यातले पाणी, राख, काजळी काढून पुन्हा वंगण करता येते, तेही एकदा नव्हे, पुन्हा पुन्हा. अमेरिकेच्या पर्यावरण खात्याचा हिशेब असा, की 42 गॅलन कच्च्या तेलातून जेवढे वंगण निघते, तेवढे वापरलेल्या एका गॅलनातून निघते. मग ते जाळणे ही काटकसरही उरत नाही. नुसते मळलेले लुगडे धुवायचे सोडून चुलीत घालावे, तसे ते आहे. गोधडीचा न्याय लावायचा, तर तो तेलालाही पुरता लावला पाहिजे.

आपला कायदाही हेच सांगतो. 2016 च्या नियमांप्रमाणे वापरलेले तेल हा घातक कचरा आहे आणि ते परवाना असलेल्या शुद्धीकरण करणाऱ्याकडेच गेले पाहिजे. 1 एप्रिल 2024 पासून तेल बनवणाऱ्या कंपन्यांवरही त्यातला ठराविक हिस्सा शुद्ध करून घेण्याची जबाबदारी आली आहे. कागदावर सारे ठीक आहे. पण हमरस्त्यावरच्या गॅरेजच्या दारात परवानेवाला येत नाही; येतो तो रोख पैसे मोजणारा, आणि तो पिंप कुठे नेतो हे कोणी विचारत नाही.

शिवाय एप्रिल 2020 नंतरच्या नव्या ट्रकांना धूर गाळणारी चाळण असते. जळक्या ऑइलच्या राखेने ती तुंबते, म्हणून त्यांना हे पथ्य आपोआप पाळावे लागते. मोह उरतो तो जुन्या गाडीवाल्याला, म्हणजे ज्याला नवी गाडी परवडत नाही त्याला. श्रीमंताला यंत्राने नीतिमान केले. गरिबाने मात्र आपल्या मनाच्या बळावर तसे व्हायचे! हा न्याय मला पटत नाही. त्या गृहस्थांना पापी ठरवून मी मोकळा होऊ शकत नाही, कारण त्यांनी वाचवलेल्या डिझेलचा फायदा त्यांच्या खिशात थांबत नाही. भाडे कमी पडते म्हणून व्यापारी त्यांना माल देतो. आमच्या बाजारातला कांदा त्यांच्या गाडीतून जातो, माझ्या वर्गातल्या वह्या त्यांच्या गाडीतून येतात. वही चार आण्यांनी स्वस्त मिळाली, तर त्या चार आण्यांत क्लीनरच्या छातीतला काही भाग आहे.

म्हणून मी त्यांना एवढेच म्हणालो, की पिंप गटारातही ओतू नका आणि टाकीतही ओतू नका. चार गाडीवाले मिळून साठवा, म्हणजे परवानेवाल्याला इथवर येणे परवडेल. आणि त्यासाठी भाडे थोडे वाढवावे लागले, तर वाढवा. त्यांनी विचारले, "वाढवलेलं भाडं देणार कोण, गुरुजी?"

"आम्ही," असे मी म्हणालो. ते आता व्यापारी, ग्राहक आणि माझ्यासारखे वह्या घेणारे यांच्याकडून वदवून घ्यायचे आहे. घरात सर्वांनी मिळून अर्धी अर्धी शिळी भाकरी खाल्ली, तरच तिला काटकसर म्हणावे.