वादळापूर्वीची अमानत

अटलांटिक महासागरातील चक्रीवादळांचा हंगाम १ जूनला सुरू होतो व ३० नोव्हेंबरला संपतो. अमेरिकेत या वादळांना हरिकेन म्हणतात. वादळ कोणत्या किनाऱ्याकडे सरकत आहे, हे आता दोन-तीन दिवस आधी बऱ्याच खात्रीने कळते. तरीही माणसे दगावतात. आणि त्यांतील पुष्कळ जण वारा थांबल्यानंतर, आभाळ निवळल्यानंतर दगावतात. अशा मृत्यूला तकदीर म्हणावे की माणसाची हलगर्जी?

२० सप्टेंबर २०१७ रोजी मारिया हे वादळ पोर्तो रिको बेटावर धडकले. कित्येक महिने मृतांचा सरकारी आकडा ६४ होता. ऑगस्ट २०१८ मध्ये जॉर्ज वॉशिंग्टन विद्यापीठाच्या अभ्यासानंतर तो २,९७५ करण्यात आला. अभ्यासकांनी एकेका मृत्यूचे कारण शोधले नव्हते. त्या काळात नेहमीपेक्षा किती अधिक माणसे गेली, एवढेच मोजले होते. त्यांत गरीब वस्त्यांतील लोकांना आणि वृद्ध पुरुषांना धोका अधिक होता, असे दिसून आले. हे सारे काही छपराखाली चिरडले गेले नव्हते. साऱ्या बेटावर वीज परत येण्यास सुमारे अकरा महिने लागले. वीज नसली की डायलिसिस अडते, ऑक्सिजनचे यंत्र बंद पडते, इन्सुलिन थंड ठेवता येत नाही. त्यात रस्ता तुटला तर दवाखानाही दूर जातो.

त्याच महिन्यात फ्लोरिडात इर्मा वादळानंतर एका वृद्ध-शुश्रूषागृहातील वातानुकूलनाची वीज गेली आणि उकाड्याने बारा वृद्धांचा अंत झाला. जवळच मोठे रुग्णालय होते व तेथे वीज होती. पुढच्या वर्षी राज्याने अशा संस्थांना नियम घालून दिला, की वीज गेल्यावरही ९६ तास खोल्या थंड राहतील अशी सोय असलीच पाहिजे. म्हणजे उपाय माणसाच्या हातात होता. तो त्या वृद्धांना लाभला नाही.

‘अल्लाहची मर्जी’ हे शब्द शोकाकुलाच्या तोंडी ईमानाचे असतात. तेच शब्द ज्याच्याकडे कामाची जबाबदारी होती त्याच्या तोंडी आले, की ऐकणाऱ्याने थोडे थांबून विचार करावा. आधी उंट बांधा, मग भरवसा ठेवा, या आशयाची प्रेषित (स.) यांची शिकवण आपल्या मुलांनाही पाठ असते. पण स्वतःचा उंट बांधणे सोपे. जो शेजारी उठून उंटापर्यंत जाऊच शकत नाही, त्याचा उंट कोणी बांधायचा? माझ्या मते खरा नैतिक प्रश्न येथे सुरू होतो, आणि स्थानिक आरोग्य विभागाचे कामही येथेच सुरू होते.

फ्लोरिडात प्रत्येक काउंटीचा, म्हणजे आपल्या जिल्ह्यासारख्या घटकाचा, आरोग्य विभाग असतो. विजेवर किंवा परिचारिकेच्या मदतीवर ज्यांचे जीवन अवलंबून आहे, अशांसाठी वेगळी निवारागृहे असतात आणि तेथे या विभागाचे कर्मचारी काम करतात. अशा व्यक्तींनी आपले नाव आधीच नोंदवावे, यासाठी यादी ठेवली जाते. विजेवर चालणारी वैद्यकीय उपकरणे वापरणारे ज्येष्ठ नागरिक कोणत्या भागात किती आहेत, याचे आकडे केंद्र सरकार आरोग्य विम्याच्या नोंदींवरून पुरवते. प्रत्यक्ष नावे मात्र आपत्तीच्या वेळी, मागणी केल्यावरच मिळतात; कोणाचा आजार उघड करू नये, हा संकोच योग्यच आहे.

परंतु नाव नोंदवणे ऐच्छिक असते. जो एकटा आहे, ज्याला इंग्रजी कळत नाही, ज्याला सरकारी कागदाचीच भीती वाटते, तो नाव देत नाही. ‘त्याने नोंदवले नाही’, एवढे म्हणून जबाबदारी संपते का? पवित्र कुरआनात हजरत यूसुफ (अलै.) दुष्काळापूर्वी भांडाराचे काम मागतात, तेव्हा स्वतःचे दोन गुण सांगतात: मी सांभाळणारा आहे आणि मी जाणणारा आहे. आपली प्रवचने पहिल्या गुणावर रेंगाळतात. दुसरा गुणही तितकाच मोलाचा आहे. भुकेला कोठे राहतो हे ज्याला ठाऊक नाही, त्याची प्रामाणिकता कोठारापाशीच अडते.

हार्वे वादळाच्या वेळी ह्यूस्टनमधील अनेक मशिदींनी बेघरांसाठी दारे उघडली, धर्म न विचारता. ते स्तुत्य होते. तरीही दार उघडणे आणि दारापर्यंत येऊ न शकणाऱ्याचा पत्ता आधीच माहीत असणे, ही दोन भिन्न कामे आहेत. पहिल्याची छायाचित्रे निघतात, दुसऱ्याची नाहीत. तयारी यशस्वी झाली तर काहीच घडत नाही. वाचलेल्या माणसालाही आपण वाचलो हे कळत नाही. म्हणून अंदाजपत्रकात या कामाचा पैसा सहज कापला जातो. शिवाय तीच परिचारिका लसीकरणाच्या रांगेतही हवी असते. आजच्या रुग्णाचा हक्क उद्याच्या वादळापेक्षा कमी नाही, हेही मान्य करावे लागते. म्हणूनच यादी तपासण्याचे काम शांत महिन्यांतच व्हायला हवे, जेव्हा त्यासाठी कोणाचा इलाज थांबवावा लागत नाही.

मे महिन्यात एखादा कर्मचारी जुन्या यादीतील क्रमांकावर फोन लावतो. क्रमांक बंद असतो. त्या घरी जाऊन दार वाजवायचे, की नावापुढे खूण करून पुढच्या ओळीवर सरकायचे, हे त्याला तेथेच ठरवायचे असते. त्या वेळी वरिष्ठ पाहत नसतात आणि आभाळही स्वच्छ असते.