खात्यातील इतरांचा वाटा

माणूस ‘ही माझी कमाई’ असे म्हणतो, तेव्हा त्या कमाईत त्याचे स्वतःचे नेमके किती असते? जकातीच्या हुकुमाने आपल्याला लहानपणापासून एक गोष्ट शिकवली आहे. निसाबाइतका माल वर्षभर जवळ राहिला, तर त्याचा चाळिसावा भाग आपला राहत नाही. तो हकदाराचा होतो आणि आपण फक्त त्याचे राखणदार असतो. सोने, चांदी, रोकड आणि दुकानातला माल एवढीच संपत्ती होती तोवर हा हिशेब सोपा होता. आता पगारदार माणसाची सर्वांत मोठी शिल्लक बहुधा निवृत्तीच्या खात्यात असते. ते खाते त्याच्या नावावर असते, पण हातात नसते.

कोकणातल्या आणि मुंबई-पुण्यातल्या आपल्या घरांतील कितीतरी मुले-मुली आज अमेरिकेत नोकरी करतात. रमजान जवळ आला की त्यांचे फोन येतात. जकात कोणाला पाठवायची हे ते पूर्वीपासून विचारत आले आहेत. आता किती पाठवायची, हेही विचारू लागले आहेत. नोकरीवर रुजू होताना त्यांनी एका अर्जावर जी खूण केलेली असते, तिच्याशी या प्रश्नाचा जवळचा संबंध आहे.

तिथल्या नोकरदाराच्या या बचतीला ‘४०१ (के)’ म्हणतात. नाव चमत्कारिक आहे, पण ते फक्त कर कायद्यातल्या कलमाचे आहे. हे कलम १९७८ साली आले. पगारातून दरमहा काही रक्कम वळती होते, बहुतेक ठिकाणी मालकही त्यात काही भर घालतो आणि ती रक्कम शेअर व रोख्यांच्या फंडांत गुंतवली जाते. २०२५ साली पन्नाशीच्या आतल्या नोकरदाराला वर्षाला २३,५०० डॉलरपर्यंत कर-सवलतीची रक्कम टाकता येत होती. साडेएकोणसाठ वर्षांच्या आधी पैसे काढले, तर करावर आणखी दहा टक्के दंड, असा सर्वसाधारण नियम आहे.

या बचतीच्या तीन वाटा आहेत. पहिल्या वाटेत रक्कम कर कापण्याआधी खात्यात जाते आणि म्हातारपणी काढताना सगळ्या रकमेवर कर लागतो. दुसरी वाट रॉथची. डेलावेअरचे सेनेटर विल्यम रॉथ यांच्या नावाने १९९७ च्या कायद्यात अशा प्रकारचे वैयक्तिक खाते आले आणि २००६ पासून नोकरीच्या ठिकाणीही ही सोय झाली. यात कर आज भरायचा. पुढे अटी पूर्ण केल्या, तर मुद्दल आणि वाढ दोन्ही करमुक्त. तिसऱ्या वाटेत कर भरलेली रक्कम टाकली तरी तिच्या वाढीवर पुढे कर लागतोच. वरची मर्यादा संपलेले जास्त पगाराचे लोक ती वापरतात, आणि योजनेत मुभा असेल तर ती रक्कम पुढे रॉथमध्ये वळवतात.

आता हिशेब पाहू. एक हजार डॉलर कमाई, बावीस टक्के कर, आणि निवृत्तीपर्यंत रक्कम चौपट होते असे धरू. पहिल्या वाटेत हजाराचे चार हजार होतात आणि कर जाऊन ३,१२० उरतात. रॉथमध्ये आधी कर जाऊन ७८० राहतात, त्यांचे चौपट ३,१२०. दोन्ही उत्तरे सारखीच, कारण गुणाकारात संख्यांचा क्रम बदलला तरी उत्तर बदलत नाही. हे आम्ही प्राथमिक शाळेतच शिकवतो. तिसऱ्या वाटेत मात्र ७८० चे ३,१२० झाल्यावर २,३४० च्या वाढीवर पुन्हा कर लागतो आणि सुमारे २,६०५ उरतात.

म्हणजे पहिल्या दोन वाटांत फरक पडतो तो कराचा दर बदलला तरच. आज पगार कमी आणि पुढे वाढणार असे वाटत असेल, तर रॉथ बरा. आज पगार भरपूर आणि निवृत्तीनंतर मिळकत घटणार असेल, तर पहिली वाट बरी. तीस वर्षांनंतरचा दर कोणालाच ठाऊक नसल्याने कित्येक जण दोन्हीकडे थोडे थोडे टाकतात. यात गैर काही नाही. हजरत यूसुफ यांनी सुकाळाच्या सात वर्षांत धान्य साठवण्याची तदबीर सांगितली होती. पुढची तजवीज करणे तवक्कुलच्या विरुद्ध जात नाही. सरकारने स्वतःहून दिलेली सवलत घेणे म्हणजे करचुकवेगिरीही नव्हे.

नैतिक प्रश्न इथून पुढे सुरू होतो. पहिल्या वाटेच्या खात्यात जो आकडा दिसतो, त्यात सरकारचा वाटा मिसळलेला असतो. साठ हजार दिसले तरी साठ हजार आपले नसतात. मालकाने घातलेली भरही पुष्कळ ठिकाणी ठरावीक वर्षे नोकरी केल्यावरच पक्की होते. रॉथमधली रक्कम त्या मानाने अधिक आपली, कारण तिचे देणे आधीच फेडलेले असते. पण जी संपत्ती अधिक आपली, तिच्यावर हकदाराचा दावाही अधिक स्पष्ट. कर फिटला म्हणून जकात फिटत नाही.

या खात्यांच्या जकातीबाबत उलेमांत एकमत नाही. काही म्हणतात, मालकी पूर्ण नाही, म्हणून रक्कम हातात आल्यावर जकात द्यावी. काही म्हणतात, आज काढली तर कर आणि दंड वजा जाता जे उरेल त्यावर दरवर्षी द्यावी. काही जण फंडातल्या कंपन्यांच्या जकातयोग्य मालमत्तेचाच हिस्सा धरतात. प्रत्येक मतामागे दलील आहे आणि त्यांतले योग्य कोणते हे ठरवणे माझ्या अधिकाराबाहेरचे आहे. मला काळजी वाटते ती मत निवडण्याच्या रीतीची. पैसे घरासाठी उचल म्हणून घ्यायचे असतात तेव्हा खाते ‘माझे’ असते. आपली ऐपत सांगताना तोच आकडा अभिमानाने सांगितला जातो. आणि जकातीचा दिवस आला की तेच खाते ‘हातात नसलेले’ होते. फिकहमध्ये अशा पळवाटेला हीला म्हणतात. वर्ष भरत आले की माल बायकोच्या नावावर करणाऱ्या माणसाची गोष्ट आपण सर्वांनी ऐकली आहे. इथे तर बायकोलाही विचारावे लागत नाही, अर्जावर एक खूण पुरते.

आपल्याकडच्या शिक्षकाची गोष्ट वेगळी आहे. १ नोव्हेंबर २००५ नंतर नेमणूक झालेल्या माझ्यासारख्यांच्या पगारातून पेन्शनसाठी होणारी कपात सक्तीची आहे. ती रक्कम कधी हातात आलीच नाही, असे म्हणायला आधार आहे, आणि सक्तीच्या निधीला अनेक मुफ्ती वेगळा हुकूम लावतात तो याच कारणाने. ४०१ (के) मध्ये मात्र पैसे माणूस स्वतः पाठवतो. नको असेल तर बंद करतो. ‘माझ्या ताब्यात नाही’ हे म्हणणे इथे तितके बळकट राहत नाही.

रक्कम तरी किती होते? खात्यात साठ हजार डॉलर आहेत. बावीस टक्के कर आणि दहा टक्के दंड धरला, तर १९,२०० वजा होतात आणि ४०,८०० उरतात. राज्याचा कर बाजूला ठेवला, तर त्याचा चाळिसावा भाग १,०२०. महिन्याला ८५ डॉलर. हे कुलूपबंद खात्यातून काढण्याची गरज नाही, चालू पगारातून देता येतात. ज्याला खरेच जमत नाही, त्याने दरवर्षीचे देणे वहीत लिहावे आणि आपल्या वसियतीत नमूद करावे.

कर पुढे ढकलला तर सरकार थांबू शकते. त्याचा खजिना पुढच्या पिढीकडूनही भरतो, आणि थांबण्याचा मोबदला त्याला वाढलेल्या रकमेवरच्या करातून मिळतो. जकातीचा हकदार असा थांबू शकत नाही. बापाचे छत्र हरवलेली मुलगी यंदा दहावीला असते. तिची परीक्षा, तिची अकरावीची फी, तिचा बसचा पास हे सगळे याच वर्षाचे खर्च आहेत. एकोणसाठाव्या वर्षी कोणाचे खाते उघडेल, तेव्हा ती चाळिशी ओलांडलेली असेल.

म्हणून फोनवर विचारणाऱ्यांना मी एवढेच सांगतो, की रॉथ की आधीची वाट हे कराचा दर पाहून खुशाल ठरवा. तो तुमचा आणि सरकारचा व्यवहार आहे. पण जकातीबाबत भरवशाच्या आलिमाला विचारून जे मत पटेल ते आधी ठरवा, आणि त्यात फायदा असो वा नुकसान, दरवर्षी त्यालाच धरून राहा. खात्याची निवड झाल्यावर मत शोधायला निघू नका. तेव्हा सापडते ते मत बहुधा आपल्याला सोयीचेच असते.