‘कृतघ्न’ हा शब्द मागे घेते

परीक्षण लिहून झालं की मी ते आईला वाचून दाखवायचे. तिला साहित्यात फारसा रस नव्हता, पण गोष्टीत कोण चुकलं ते ती एका वाक्यात सांगायची. ‘सूनच आगाऊ आहे.’ संपलं. खरं सांगायचं तर कौटुंबिक कादंबऱ्यांची आमची निम्मी परीक्षणं अशीच असतात, फक्त शब्द जड.

अवनी दोशी यांच्या ‘बर्न्ट शुगर’वर लिहिताना मी नायिकेला ‘कृतघ्न’ म्हटलं होतं. ही कादंबरी आपल्याकडे २०१९ साली ‘गर्ल इन व्हाइट कॉटन’ या नावानं आली आणि नव्या नावानं २०२०च्या बुकरच्या अंतिम यादीत पोचली. लिहिलीय इंग्रजीत, घडते पुण्यात. तारा संसार सोडून लहानग्या मुलीसह एका बाबाच्या आश्रमात जाते. ती मुलगी, अंतरा, आता चित्रकार आहे, लग्न झालेली आहे आणि ताराची स्मृती जाऊ लागलीय. तिला सांभाळायचं कुणी? जिला तिनं धड सांभाळलं नाही, तिनंच. आईच्या हालांत आपल्याला सुख वाटलंय, हे अंतरा लपवत नाही. मला ते झोंबलं. काही झालं तरी आई ती आई, असं काहीतरी मी लिहून गेले.

दोन वर्षांनी माझ्याच आईनं मला विचारलं, ‘तुम्ही वाचनालयातून आलात का?’

मी अकरावीत असताना तिनं माझ्या कवितांच्या दोन वह्या रद्दीत घातल्या होत्या. मुलगी नको ते लिहिते म्हणून. त्यावरून आम्ही चाळीस वर्षं भांडलो. वह्यांचा विषय निघाला नाही अशी दिवाळी आठवत नाही. गेल्या पावसाळ्यात ती मला म्हणाली, ‘तुम्ही लिहिता वाटतं? छान. आमची मुलगीही कविता करते हो.’

आता रागवायचं कुणावर? आणि क्षमा तरी कुणाला करायची?

कर्मसिद्धान्ताला ही अडचण येत नाही. मागच्या जन्मातलं काही आठवत नसलं तरी फळ चुकत नाही. उलट सतराव्या शतकात जॉन लॉकनं माणसाचं ‘मी’पणच स्मृतीवर उभं केलं. आठवत नाही त्याची शिक्षा, हे मला नेहमी निष्ठुर वाटायचं, म्हणून मी लॉकच्या बाजूची. पण पलंगाशेजारी बसल्यावर तोही पटेना. वह्या टाकणारे हात तेच होते. आता त्याच हातांनी ती दिवसभर चादरीची टोकं जुळवत असते.

राहिलं पितृऋण. आईबापांची सेवा केली की ते फिटतं, असं मी धरून चालले होते. तैत्तिरीय संहितेत मात्र ऋषींचं ऋण ब्रह्मचर्यानं, देवांचं यज्ञानं आणि पितरांचं प्रजेनं फिटतं, असं सांगितलंय. (ते ब्राह्मणाबद्दल आहे, लेकीबाळींचा हिशोब तिथं कुणी मांडलेला नाही.) म्हणजे घेतलं वरून, फेडायचं खाली. आईबाप कसे वागले, याचा रकानाच त्यात नाही.

कादंबरीत पुढे अंतराला मुलगी होते. माझ्या परीक्षणात त्या बाळावर एक ओळही नव्हती. अंतरा म्हणजे ‘अन-तारा’, ताराची उलट, हा नावातला खेळ मी हौसेनं उलगडून दाखवला होता, पण ती उलट झाली की नाही, हे ज्या पाळण्यापाशी कळणार, तिकडे मी फिरकलेच नाही. आईचं येणं वसूल करायला निघालेल्या लेकीलाही देणं आहेच, फक्त ते दुसऱ्या दारी. त्या देण्यात ती कमी पडते का, यावर मी तिला खुशाल धरावं. कृतघ्नपणाचा आरोप मात्र टिकत नाही.

परीक्षणांचं पुस्तक करायचं घाटतंय. त्यात तो शब्द नसेल. जुना अंक तुमच्या घरात असलाच, तर तेवढ्यावर काट मारा.