एक इंचाचा कोपरा

सातारा, ८ जून

चि. ईशा हिस,
अनेक आशीर्वाद.

परवा रात्री तुझा मेसेज आला. अकरा पुस्तकांची यादी, प्रत्येकापुढे लोकांनी दिलेले तारे, आणि खाली एकच ओळ : आबा, यातलं सगळ्यात चांगलं कुठलं? फोनवर सांगता आलं असतं. पण फोनवर माझं दुसरं वाक्य संपायच्या आत तू ‘हो हो, कळलं’ म्हणतेस. म्हणून हे पत्र. सावकाश वाच.

सगळ्यात चांगलं पुस्तक आणि आधी वाचायचं पुस्तक ही दोन वेगळी पुस्तकं असतात. तुझ्या यादीत स्पिवाकच्या ‘कॅल्क्युलस’ला सर्वांत जास्त तारे आहेत. १९६७ साली निघालेलं ते पुस्तक खरंच देखणं आहे. पण आज ते हातात घेतलंस, तर गणपतीपर्यंत तू कॅल्क्युलसला रामराम ठोकशील. प्रत्येक पायरीला ‘हे असंच का, सिद्ध करा’ म्हटल्याशिवाय ज्याला झोप येत नाही, त्याच्यासाठी ते लिहिलेलं. तू दहावीनंतर गणित सोडलंस, बी.ए.ला अर्थशास्त्र घेतलंस आणि आता एम.ए.च्या प्रवेश परीक्षेत मार्जिनल कॉस्ट आडवी आली. तुझी गरज वेगळी.

मी स्वतः हीच चूक केली होती. डिप्लोमाला असताना कॉलेजच्या लायब्ररीतून कपाटातलं सगळ्यात जाड पुस्तक मागून आणलं. जाड म्हणजे भारी, हा तेव्हाचा माझा निकष. पहिल्याच प्रकरणात एप्सिलॉन आणि डेल्टा. एक परिच्छेद मी चार संध्याकाळी वाचला आणि पाचव्या संध्याकाळी पुस्तक परत केलं. वर्गात फळ्यावर सूत्रं यायची, आम्ही उतरवून घ्यायचो : एक्सचा कितवा घात आहे तो आकडा पुढे आणा, घातातून एक वजा करा. परीक्षेत गुण चांगले पडले. आपण नेमकं काय केलं, हे मात्र मला ठाऊक नव्हतं.

ते कळलं नोकरीत, पाटबंधारे खात्यात, धरणावरच्या पावसाळी ड्यूटीत. आमच्याकडे जुलै-ऑगस्टमध्ये लोक पेपर उघडतात ते धरणाचे आकडे बघायला. कोयनेचा साठा इतके टीएमसी, आवक इतके क्युसेक. आकडे सगळ्यांना पाठ, पण त्यांचं एकमेकांशी नातं काय, हे विचारलं तर चहाच्या टपरीवर शांतता पसरते. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी. क्युसेक म्हणजे सेकंदाला एक घनफूट. चोवीस तासांत ८६,४०० सेकंद. म्हणजे ११,५७४ क्युसेकनं दिवसरात्र पाणी येत राहिलं की साठा एक टीएमसीनं वाढतो. कोयनेची क्षमता १०५ टीएमसीच्या थोडी वर आहे, आता तूच हिशेब कर. साठा आणि आवक. किती आहे, आणि किती वेगानं बदलतंय. कॅल्क्युलस या दोघांच्या मधला रस्ता आहे. जाताना त्याला डिफरन्सिएशन म्हणतात, येताना इंटिग्रेशन. मराठी विश्वकोशात त्यांची नावं अवकलन आणि समाकलन अशी आहेत.

आता गंमत ऐक. आवक कोणी मोजत नाही. धरणाला शंभर ओढे-नाले मिळतात, मीटर बसवणार कुठे? आम्ही तासातासाला पट्टीवर पातळी वाचायचो. पातळीवरून तक्त्यात साठा बघायचा, मागच्या तासाचा साठा त्यातून वजा करायचा, सांडव्यावरून आणि कालव्यातून सोडलेलं पाणी मिळवायचं आणि ३,६०० नं भागायचं. झाली आवक. एका रात्री दोन वाजता वरून फोन : आत्ता आवक किती आहे? मी आकडा सांगितला आणि फोन ठेवल्यावर मलाच वाटलं, हा आकडा ‘आत्ता’चा कुठे आहे? हा तर मागच्या तासाभराचा सरासरी आकडा. पंधरा मिनिटांनी पट्टी वाचली असती तर ‘आत्ता’च्या जवळ गेलो असतो. पाच मिनिटांनी वाचली असती तर आणखी जवळ. मिनिटानं वाचायला गेलो तर लाटेनं पट्टीवर पाणी एवढं वरखाली होतं, की भागाकार करून जे येईल ते काहीच्या बाही. मग ‘आत्ता’ची आवक म्हणजे नक्की काय? पावसात भिजलेल्या त्या केबिनमध्ये मला फळ्यावरचं ते सूत्र आठवलं. बरोबर हाच प्रश्न त्या सूत्राच्या पोटात होता आणि मला कोणी सांगितलंच नव्हतं.

म्हणून माझी कसोटी साधी आहे. ‘आत्ता, या क्षणाला किती?’ हा प्रश्न पुस्तक किती लवकर विचारतं आणि कशाच्या आधारानं विचारतं, ते बघायचं. दुकानात उभं राहून दहा मिनिटांत बघता येतं.

या कसोटीला उतरणारं माझ्या माहितीतलं सगळ्यात जुनं आणि सगळ्यात खोडकर पुस्तक म्हणजे सिल्व्हेनस थॉम्प्सन यांचं ‘कॅल्क्युलस मेड ईझी’. १९१० साली लंडनमध्ये मॅकमिलननं काढलं. तेव्हा त्यावर लेखकाचं नाव नव्हतं, नुसतं ‘एफ.आर.एस.’, म्हणजे रॉयल सोसायटीचा फेलो, एवढंच. १९१६ साली थॉम्प्सन वारले, त्यानंतर नाव उघड झालं. हे गृहस्थ विजेचे जाणकार, लंडनच्या फिन्सबरी टेक्निकल कॉलेजचे प्राचार्य. त्यांच्यापुढे बसणारी मुलं कारखान्यातली, वीजकंपन्यांतली. त्यांना गणितज्ञ व्हायचं नव्हतं, त्यांना काम अडत होतं. आमच्यासारखीच मुलं ती. नाव का लपवलं असेल, ते सुरुवातीची छोटी प्रस्तावना वाचली की लक्षात येतं : जाड पुस्तकं लिहिणाऱ्या पंडितांची त्यांनी अशी टर उडवलीय, की समोरासमोर भेटले असते तर भांडणच झालं असतं. पहिलं प्रकरण दीड-दोन पानांचं. त्यात ते एवढंच सांगतात, की घाबरवणारी चिन्हं दोनच आहेत. ‘डी’ म्हणजे ‘एवढासा तुकडा’ आणि तो लांबडा ‘एस’ म्हणजे ‘सगळ्या तुकड्यांची बेरीज’.

यातली युक्ती तुला इथेच दाखवतो. चौरसाचंच उदाहरण त्यांनीही घेतलंय. मी आपल्या घरातलं घेतो. तू ज्या खोलीत उतरतेस ती दहा बाय दहाची. म्हणजे बाजू १२० इंच, जमीन १४,४०० चौरस इंच. समज, दोन लगतच्या भिंती एकेक इंच बाहेर सरकवल्या. नवी जमीन १२१ गुणिले १२१, म्हणजे १४,६४१. वाढली किती? २४१. आता ही २४१ कुठे आहे ते खोलीत जाऊन बघ. एका भिंतीलगत १२० ची पट्टी, दुसऱ्या भिंतीलगत १२० ची पट्टी आणि कोपऱ्यात एक चौरस इंचाचा तुकडा. भिंती एक इंचाऐवजी इंचाचा दहावा भागच सरकवल्या तर? वाढ २४.०१. पट्ट्या बारा-बाराच्या, कोपरा ०.०१. इंचामागे वाढ काढलीस तर पहिल्यांदा २४१ येते, मग २४०.१, शंभरावा भाग घेतलास तर २४०.०१. पट्ट्या आपल्या जागी ठाम आहेत, कोपरा मात्र विरत चाललाय. २४० म्हणजे बाजूच्या दुप्पट. ‘एक्स स्क्वेअरचं डेरिव्हेटिव्ह टू एक्स’ हे तू घोकतेस ना, त्यातला ‘टू’ म्हणजे त्या दोन पट्ट्या.

थॉम्प्सन म्हणतात, कोपरा टाकून द्या. मिनिट तासापुढे लहान, सेकंद मिनिटापुढे लहान, मग तासाच्या हिशेबात सेकंदाची कशाला पत्रास? सगळं दुसरं प्रकरण त्यांनी याच एका गोष्टीवर घालवलंय आणि माझ्या मते पुस्तकातलं तेच सर्वांत मोलाचं.

आता तू अर्थशास्त्राची मुलगी, तू विचारशीलच : टाकून द्या म्हणजे काय? लहान असला तरी शून्य नाही ना? शंका रास्त आहे आणि जुनी आहे. १७३४ साली बर्कली नावाच्या बिशपनं न्यूटनच्या अनुयायांना याच मुद्द्यावर धारेवर धरलं होतं. पुढे कोशीनं १८२१ च्या पुस्तकात आणि नंतर वायरश्ट्रासनं ‘लिमिट’चा पक्का पाया घातला, मला छळणारे एप्सिलॉन-डेल्टा त्यातूनच आले. म्हणजे ते कोपऱ्याचा हिशेब नीट लावायला आलेत. कोपरा कुठे आहे हे माहीत नसताना मला तो हिशेब वाचायला दिला, एवढंच चुकलं. आणि बघ, थॉम्प्सनच्या आधी दोनच वर्षं, १९०८ साली, केंब्रिजच्या हार्डींचं ‘अ कोर्स ऑफ प्युअर मॅथेमॅटिक्स’ निघालं होतं, काटेकोरपणाचा कळस. एकाच देशात, एकाच काळात दोन टोकं. दोन्ही अजून छापली जातात.

थॉम्प्सनमध्ये खोट नाही असं नाही. उदाहरणांत शिलिंग, पेन्स, फार्दिंग, फुटा-इंचांचा सुळसुळाट. लिमिटबद्दल जवळजवळ काहीच नाही आणि तुझ्या परीक्षेत ते विचारतात. मार्टिन गार्डनर यांनी १९९८ साली काढलेल्या आवृत्तीत सुरुवातीला फंक्शन, लिमिट आणि डेरिव्हेटिव्हवर तीन प्रकरणं घातलीत. ती मिळाली तर उत्तम. मूळ पुस्तक कॉपीराइटबाहेर आहे, प्रोजेक्ट गुटेनबर्गवर फुकट मिळतं.

त्याच्या जोडीला एनसीईआरटीचं अकरावीचं पुस्तक ठेव. हसू नकोस. शाळेचं पुस्तक म्हणून त्याला तुझ्या यादीत जागाच नाही, पण डेरिव्हेटिव्हची सुरुवात त्यात कड्यावरून टाकलेल्या वस्तूनं होते. टी सेकंदांत ४.९ टी स्क्वेअर मीटर पडते, तर बरोबर दुसऱ्या सेकंदाला वेग किती? मग वेळ कमी-कमी करत कोष्टक, दोन्ही बाजूंनी. माझ्या पट्टीसारखंच. थॉम्प्सन वाचून झाल्यावर ते कोष्टक हातानं पुन्हा मांड. उत्तर १९.६ च्या आसपास घुटमळताना दिसेल. बारावीच्या पहिल्या भागात डेरिव्हेटिव्हचे उपयोग आहेत, दुसऱ्या भागात इंटिग्रेशन. गणितं मुबलक, उत्तरं मागे दिलेली, वेबसाइटवर फुकट. एकट्यानं शिकणाऱ्याला मागे उत्तरं नसलेलं पुस्तक घेऊ देऊ नये, अशा मताचा मी आहे.

बाकी यादीचं थोडक्यात सांगतो. स्टुअर्टचं पुस्तक हजाराच्या वर पानांचं. चित्रं सुरेख, उदाहरणं भरपूर, पण ते शिकवणाऱ्याच्या हातात शोभतं. त्याच्या कमाईतून स्टुअर्टनं टोरांटोत वक्र भिंतींचं घर बांधलं आणि त्याचं नाव ‘इंटिग्रल हाउस’ ठेवलं. तो व्हायोलिन वाजवायचा, घरात मैफली व्हायच्या. मला त्या घराचं कौतुक पुस्तकापेक्षा जास्त आहे. पिस्कुनोव्ह हे मॉस्कोच्या मीर प्रकाशनाचं. आमच्या तरुणपणी ही रशियन पुस्तकं पाण्याच्या भावात मिळायची, माझ्या कपाटात दोन्ही खंड आहेत. इंजिनिअरला छान, तुला जड. शांतिनारायण यांची पुस्तकं गणितं सोडवायला उत्तम, समजून घ्यायला नाहीत. किस्लर (१९७६) मात्र चाळून बघ. थॉम्प्सननं खांदे उडवून टाकून दिलेला तो इवलासा तुकडा १९६०च्या दशकात अब्राहम रॉबिन्सननं तर्कशास्त्राच्या जोरावर सन्मानानं परत आणला आणि त्यावर किस्लरनं चक्क नवशिक्यांसाठी पुस्तक लिहिलं. लेखकानं स्वतःच ते इंटरनेटवर मोफत ठेवलंय. तुमच्या विषयाचं चियांग हे दुसऱ्या फेरीत. डेरिव्हेटिव्ह अंगवळणी पडल्याशिवाय ते उघडलंस तर मार्जिनल कॉस्ट पुन्हा सूत्र होऊन बसेल.

एक राहिलं. फाइनमन लहानपणी थॉम्प्सन वाचून कॅल्क्युलस शिकले, असं कोणी सांगितलं तर तो थॉम्प्सन वेगळा. ते जे. ई. थॉम्प्सन, पुस्तक ‘कॅल्क्युलस फॉर द प्रॅक्टिकल मॅन’. दोघांची गल्लत चांगले-चांगले करतात. मीही तुझ्या बाबाला बरीच वर्षं चुकीचंच सांगत होतो.

माझी थॉम्प्सनची प्रत उद्या स्पीड पोस्टानं टाकतो. कव्हर सुटलंय, सांभाळून उघड. रोज चारच पानं, पेन्सिल हातात धरून. गादीवर लोळून नाही. दुसऱ्या प्रकरणाच्या समासात माझ्या अक्षरात धरणाचा हिशेब आहे, तो तपासून बघ. शेवटच्या ओळीत एक चूक मी मुद्दाम तशीच ठेवलीय.

पाऊस सुरू झाला की रोज सकाळच्या पेपरातले कोयनेचे दोन आकडे, साठा आणि आवक, वहीत उतरवून ठेव. सोडलेलं पाणी लिहिलेलं असेल तर तेही घे. दोन दिवसांच्या साठ्यातल्या फरकावरून आवक काढायची आणि पेपरातल्या आकड्याशी ताडून बघायची. पटणार नाही. का पटत नाही, ते दिवाळीत आलीस की सांग, वही घेऊन ये.

आजी म्हणते, मागच्या खेपेचा लोणच्याचा डबा अजून तुझ्याकडेच आहे.

तुझा,
आबा