विदूषक कोण होणार?

कविता उभी करून दाखवली की मुलांना कळते, हे मी इतक्या ठिकाणी सांगितलंय की आता ते मत राहिलेलं नाही, पाठांतर झालंय. शिक्षकांच्या प्रशिक्षणात सांगितलं, पालकसभेत सांगितलं, बदलून आलेल्या प्रत्येक मुख्याध्यापकांना सांगितलं. बाकं भिंतीला सरकवायची, मधे जागा करायची आणि कविता वाचायची नाही, करायची. यातलं काही मला मागे घ्यायचं नाही. पण मनाशी हिशेब मांडायला बसले की एक प्रश्न हटत नाही. यात मुलांच्या पदरात काय पडतं आणि माझ्या पदरात काय?

माझ्या पदरात टाळ्या पडतात, आणि त्या मला आवडतात.

विंचवाचं भारूड आठवीच्या वर्गात घेऊन बघा. चावा बसलेला मुलगा पाय धरून असा काही नाचतो की शेजारच्या वर्गातले सर डोकावून जातात. दोघं त्याला धरतात, एक मांत्रिक होतो, मागच्या बाकावरून "बाई, परत एकदा!" सुरू होतं. हा विंचू काम-क्रोधाचा आहे, हे ऐकायला त्या घटकेला कुणालाच फुरसत नसते. पण संत एकनाथांनी वासुदेव, जोशी, गोंधळी, भुत्या ही रस्त्यावरची सोंगं उचलली ती लोकांनी थांबावं म्हणूनच ना? सोळाव्या शतकात पैठणलाही लोक आधी हसलेच असणार. लय एकदा अंगात शिरली की अर्थ मागाहून येतो, चाळिशीत आला तरी चालेल. त्यामुळे कवितेच्या बाबतीत माझं मन तसं स्वस्थ आहे.

बोचतं ते दुसरंच. नाटकाच्या निमित्ताने मी मुलांना माणसं वळवायलाही शिकवते. वाक्य कुठे तोडायचं, आवाज कुठे खाली आणला की सभागृह पुढे झुकतं, एकच शब्द तीनदा म्हणताना तिसऱ्यांदा किती थांबायचं. 'मोबाईल : शाप की वरदान' या विषयावर एखादी मुलगी 'शाप'च्या बाजूने तालुक्यात पहिली येते. जिल्ह्याला चिठ्ठीत 'वरदान' निघालं तर तेही ती तितक्याच पोटतिडकीने मांडते. डोळ्यांत पाणी दोन्ही वेळा येतं. आपण त्याला तयारी म्हणतो. भाषण बहुधा बाईंनीच लिहून दिलेलं असतं, आणि परीक्षकही ते ओळखून असतात.

ती मुलगी खोटं बोलली का? नाही, तिने भूमिका केली, असं मी स्वतःला सांगते. नाटकात हा खुलासा पुरतो, कारण समोर सोंग आहे हे प्रेक्षकाला ठाऊक असतं. भाषण ऐकणाऱ्याला ते ठाऊक नसतं.

गॅदरिंगला 'ज्युलियस सीझर'मधलं अँटनीचं भाषण पुष्कळदा होतं. अँटनी सीझरच्या मारेकऱ्यांना सुरुवातीला उघड नावं ठेवत नाही. मृत्युपत्राचा कागद दाखवतो, पण लगेच वाचत नाही. लोकांनीच तो वाचायचा आग्रह धरावा अशी वेळ आणतो. मग प्रेतावरचं वस्त्र, मग जखमा. जरा आधी मारेकऱ्यांतल्या ब्रूटसचा जयजयकार करणारा जमाव त्याचं घर जाळायला निघतो. आम्ही इथे पडदा पाडतो. शेक्सपियर पाडत नाही. लगेचच्या प्रवेशात हाच जमाव वाटेत सिन्ना नावाच्या कवीला गाठतो. कटात एक सिन्ना होता खरा, पण हा तो नव्हे. मी कवी आहे, असं तो सांगतो, तर त्याला मारायला वाईट कविता एवढं कारणही लोकांना पुरतं. भाषेची सगळी करामत पाहून झाल्यावर पहिला बळी जातो तो कवीचा, आणि हा प्रवेश शाळेत मी कधी बसवलेला पाहिला नाही.

मग मन वळवायची कला शिकवूच नये का? हे मला पटत नाही. माझ्या मुलांच्या दारात रोज कुणीतरी गोड बोलून काहीतरी गळ्यात मारायला येतं. कधी भिशीवाला, कधी क्लासवाला, निवडणुकीत उमेदवार. ही कला त्यांना ठाऊकच नसेल तर जन्मभर ती नुसती मान डोलावतील.

इथे मला जोतीराव फुल्यांचं 'तृतीय रत्न' उपयोगी पडलं. हे नाटक १८५५ सालचं. आदल्याच वर्षी सावित्रीबाईंचा 'काव्यफुले' हा संग्रह निघाला होता. शाळा चालवणाऱ्या एकाच घरातून लागोपाठ एक कवितासंग्रह आणि एक नाटक! नाटकातला जोशी गरोदर कुणबिणीला ग्रहांची भीती घालतो आणि त्या नवरा-बायकोला खर्चात लोटतो. फुल्यांनी त्याचं बोलणं कच्चं ठेवलेलं नाही. पण सोबत एक विदूषक ठेवला आहे. तो मधेमधे तोंड घालून जोशाचा डाव प्रेक्षकांपुढे उघडा करतो. शेवटी ते जोडपं रात्रीच्या शाळेत जायचं ठरवतं. दक्षिणा प्राइझ कमिटीने हे नाटक नाकारलं.

हल्ली वर्गात मी तेवढंच करते. एक बोलणारा, एक गिऱ्हाईक आणि एक विदूषक. विदूषकाने टाळी वाजवली की सगळे जागच्या जागी थांबतात आणि आत्ता काय केलं गेलं ते त्याने सांगायचं. क्लासची जाहिरात करणाऱ्याला थांबवून एक मुलगा म्हणाला, "बाई, ह्यानं आधी भीती घातली, मग औषधही ह्यानंच काढलं." इतकं नेमकं मला फळ्यावर कधी लिहिता आलं नव्हतं.

याच मुलाने पुढे एकदा मला थांबवलं. तालमीला उशिरापर्यंत थांबा म्हणून मी समजावत होते. शाळेचं नाव, मागच्या बॅचने केलेले कष्ट, असं चाललं होतं, आवाजही बेताने खाली आणला होता. मागून टाळी वाजली. वर्ग चिडीचूप. "बाईंनी आधी अभिमान दिला, मग लाज वाटायला लावली," तो म्हणाला. चूक काढायला जागाच नव्हती. त्या दिवशी मुलं वेळेवर घरी गेली.

तरीही एक गोष्ट आहेच. विदूषक व्हायला कुणी तयार नसतं, कारण हशा-टाळ्या बोलणारा घेऊन जातो. आणि चांगल्या आवाजाचं पोर हाती लागलं की मीही त्याला बोलणाराच करते. समोर संस्थेचे अध्यक्ष बसलेले असतात.

यंदा चांगला आवाज विदूषकाला. आणि अँटनी करायचा असेल तर सिन्नाही होईल. वेळ कमी पडला तर तो अध्यक्षांच्या भाषणातून घ्यावा. सिन्नाचा प्रवेश पाच मिनिटांचासुद्धा नाही.