प्रामाणिक, पण बेफिकीर

मनात द्वेष नसताना कुणाचं वाटोळं केलं, तर दोष लागतो का?

१९९४ साली ब्रिटनच्या हाउस ऑफ लॉर्ड्सपुढे ‘स्प्रिंग विरुद्ध गार्डियन अश्युरन्स’ खटल्यात हाच पेच होता. नव्या नोकरीसाठी अर्ज केलेल्या स्प्रिंगबद्दल आधीच्या कंपनीने नव्या कंपनीला कळवलं, की या माणसाकडे सचोटी जवळपास नाहीच. नोकरी हुकली. लिहिणाऱ्याला ते खरंच वाटत होतं, म्हणून सशर्त विशेषाधिकारापुढे, म्हणजे द्वेषाविना दिलेल्या माहितीला मिळणाऱ्या कायदेशीर संरक्षणापुढे, बदनामीचा दावा टिकला नसता. पण चौकशी धड झालीच नव्हती! चार विरुद्ध एक मतांनी निष्काळजीपणाची जबाबदारी मान्य झाली.

भारतीय दंडसंहितेने १८६० मध्येच, पुरेशी काळजी घेतली नसेल तर सद्भावना मानायची नाही, असं ठरवलं होतं. हेच अधिक न्याय्य. तिच्या जागी आलेल्या २०२३ च्या न्याय संहितेतही ती व्याख्या कायम आहे. त्यामुळे बदनामीच्या फौजदारी खटल्यात सद्भावनेचा बचाव घेताना, ‘मला तसं वाटलं’ एवढ्यावर असा शेरा लिहिणाऱ्या वरिष्ठाला सुटता येत नाही.