कुठली माणसं?

बंगळुरूच्या केंगेरीत मी भाड्यानं राहते. २०२१मध्ये मेट्रो इथवर आली, तरी आमची गल्ली निवांतच आहे. घर बघायला आले तेव्हा मालकीणबाईंनी विचारलं, 'याव जना?' शब्दशः 'कुठली माणसं?', पण रोख जातीकडे. अनुवाद हा माझा धंदा. अर्थ कळला नाही असं मी म्हणू शकत नाही. कर्नाटकातही ओळखीचं असलेलं आडनाव सांगितलं. लगेच कॉफी आली. आदल्या दिवशी एका जोडप्याला दारातूनच परत पाठवल्याचं त्यांनीच सांगितलं.

घटनेचं कलम १५(२) दुकानं, हॉटेलं, विहिरी सर्वांना खुली करतं. भाड्याच्या घराचा त्यात उल्लेख नाही. तिथं उरते ती माझी जबाबदारी. मी खोटं बोलले नाही, पण माझ्या खऱ्या उत्तरानं त्या प्रश्नाला मान्यता दिली. भाडं मी भरते. या निवांतपणाची किंमत ते जोडपं भरतं आहे.